अकरावी-बारावीच्या मुलांचं इंग्रजी नेमकं तपासायचं कसं?

प्रश्न एका तरुण शिक्षिकेचा आहे. फोंडा तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत त्या गेल्या जूनपासून अकरावीला इंग्रजी शिकवतात. दोन तुकड्या, मिळून १०४ मुलं. त्यांच्या अडचणी अशा: उताऱ्यावरच्या प्रश्नांना १० पैकी ९ गुण घेणाऱ्या मुलाला तोच उतारा आपल्या शब्दांत सांग म्हटलं तर तो गप्प होतो. व्याकरणाच्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी निबंधात त्याच चुका करते. आणि एकाच निबंधाला त्यांनी ४ गुण दिले तर शेजारच्या टेबलावरचे सर ८ देतात. शिवाय एवढे पेपर एकटीनं तपासायचे कधी, हेही त्यांनी विचारलं आहे. सोबत आपला घटक चाचणीचा पेपर जोडला आहे.

मी गोव्यात ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, आधी डिचोलीकडच्या एका हायस्कूलात, मग बार्देसमध्ये हायर सेकंडरीला. पेपर काढले, तपासले, दुसऱ्यांनी तपासलेले पुन्हा पाहिले. त्या अनुभवावरून सांगते, बाई, तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. जे मोजायचं असं आपण पेपरच्या डोक्यावर लिहितो, ते आत मोजलंच जात नाही. आकलनाच्या प्रश्नात आपण नक्कल मोजतो, व्याकरणाच्या प्रश्नात नियम ओळखणं मोजतो आणि निबंधात पाठांतर मोजतो. मुलं बिचारी आपण जे मागतो तेच देतात.

आकलनापासून सुरू करू, कारण घोळ तिथे सगळ्यात मोठा आहे आणि तो दिसतही नाही. हे वाक्य वाचा: ‘काल तिन्हीसांजेला झिंबूने टळपाच्या काठी तीन खुरसे मेंचले, कारण घोरमट फार भुरमली होती.’ आता प्रश्न. झिंबूने किती खुरसे मेंचले? ते कुठे मेंचले? का मेंचले? तुम्ही तिन्ही उत्तरं बिनचूक द्याल: तीन, टळपाच्या काठी, घोरमट फार भुरमली होती म्हणून. पैकीच्या पैकी गुण. आणि झिंबूनं काय केलं याची तुम्हाला तिळमात्र कल्पना नाही, कारण ते शब्द मी आत्ता इथे बसून बनवले. आपली मुलं इंग्रजी उताऱ्याशी हेच करतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडला की ते अख्खं वाक्य उचलून उत्तरपत्रिकेत उतरवायचं. यात ती फसवणूक करत नाहीत. आठ-दहा वर्षांच्या शालेय जीवनात त्यांना याचेच गुण मिळत आलेले आहेत. तिसरा प्रश्न ‘का’चा होता हेही लक्षात घ्या. ‘का’ विचारलं म्हणजे विचार करायला लावला, असं आपल्याला वाटतं. पण वाक्यात ‘कारण’ हा शब्द आयता बसलेला असेल तर ‘का’ आणि ‘किती’ यांत काहीच फरक उरत नाही.

तुमच्या पेपरातला उतारा खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीवर आहे. निवड चांगली, भाषाही अकरावीला साजेशी. पण दुसरा प्रश्न पाहा. उताऱ्यात म्हटलंय की भरतीच्या वेळी मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बंद होते, कारण खारं पाणी भातपिकाला मारतं. प्रश्न आहे: ‘व्हाय इज द मानस क्लोज्ड ॲट हाय टाइड?’ म्हणजे झिंबूचाच प्रश्न. त्यात आणखी एक गोष्ट आहे. चोडण-दिवाडीकडचा मुलगा लहानपणापासून बांधावर खेळलेला असतो. भरतीच्या पाण्याच्या दाबानं मानशीची दारं मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. तो उतारा न वाचता उत्तर देईल. धारबांदोड्याच्या किंवा सत्तरीच्या मुलीनं खाजन कधी पाहिलेलंच नसेल. तिला प्रत्येक शब्द वाचूनच पुढे जावं लागेल. दोघांना सारखेच गुण पडले तरी त्या गुणांचा अर्थ सारखा नाही.

यावर एक साधा उपाय मी वर्षानुवर्षं केला आहे. पेपर छापण्याआधी फक्त प्रश्न, उतारा न देता, स्टाफरूममधल्या दोघा-तिघांना द्यायचे. विज्ञानाचे सर चालतील, लायब्ररीतल्या बाई चालतील. उतारा न वाचता ज्याचं उत्तर येतं तो प्रश्न काढून टाकायचा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा माझ्या १० प्रश्नांपैकी ४ असे निघाले. मला तो पेपर फार चांगला जमलाय असं वाटत होतं.

मग प्रश्न कसा असावा? तुमच्याच उताऱ्यावर घेऊ. दुसऱ्या परिच्छेदात आलंय की बांध फुटून खारं पाणी घुसलं की शेत पुन्हा गोडं व्हायला काही पावसाळे जावे लागतात. चौथ्या परिच्छेदात आलंय की पूर्वी गावकरी मिळून बांधाची राखण करायचे, आता घरटी माणसं नोकरीला बाहेर असतात. मग विचारा: आज बांध फुटला तर आजोबांच्या काळापेक्षा नुकसान जास्त का होईल? हे उत्तर कुठल्याही एका वाक्यात नाही. दोन परिच्छेद डोक्यात एकत्र आणल्याशिवाय ते येत नाही, आणि उचलून लिहायला आयतं वाक्यही सापडत नाही. एखादा प्रश्न लेखकाच्या भूमिकेवर ठेवा: लेखक या बदलाबद्दल हळहळतोय, चिडलाय की नुसती नोंद करतोय, आणि हे तुम्ही कुठल्या शब्दावरून ठरवलं? दुसरा भाग महत्त्वाचा. पहिल्या भागाचं उत्तर तीनांतून एक म्हणून नशिबानंही येतं.

थेट माहितीचे प्रश्न अजिबात नकोत असं मात्र माझं म्हणणं नाही. दहात तीन असू द्या. कच्च्या मुलाला पेपरात पाऊल टाकायला जागा लागते, आणि नेमकी माहिती शोधून काढणं हेही वाचनाचंच कौशल्य आहे. फक्त प्रश्नाचे शब्द उताऱ्याच्या शब्दांहून वेगळे ठेवा. उतारा ३५० ते ४०० शब्दांचा पुरे. आणि तो कुठल्याही गाईडमध्ये नसावा, कारण न वाचलेला म्हणून दिलेला उतारा अर्ध्या वर्गानं शिकवणीत सोडवलेला असतो, हे मी पाहिलं आहे. बहुपर्यायी प्रश्न काढलेत तर पर्यायांची लांबी सारखी ठेवा. बरोबर उत्तर सांभाळून लिहिण्याच्या नादात आपण ते सगळ्यात लांब करून ठेवतो आणि मुलांना हे केव्हाच कळलेलं असतं.

आता एक गोष्ट सांगते, तिच्यावर काही जण नाराज होतील. वर्गातल्या आकलनाच्या चाचणीत वर्षातून दोनदा तरी मुलांना उत्तरं मराठीत किंवा कोंकणीत लिहू द्या. बोर्डाच्या परीक्षेत हे चालणार नाही, ते उघड आहे. पण तुम्हाला नेमकं काय हवंय याचा विचार करा. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात जाऊन पडतात. अशा मुलाला उतारा समजतो, पण समजलेलं इंग्रजीत मांडता येत नाही. दुसऱ्याला मांडता येतं, पण समजलेलं नसतं. इंग्रजी उत्तरात ही दोन्ही मुलं ५ गुणांवर येऊन बसतात आणि आपल्याला सारखीच दिसतात. पहिल्याला लिहायला शिकवायचं आहे, दुसऱ्याला वाचायला. मराठीत उत्तरं घेतली की एका तासात कोण कुठे अडलंय ते कळतं. माझ्या एका वर्गात नेहमी तळाशी असलेली मुलगी अशा चाचणीत तिसरी आली. तिला तोवर आम्ही सगळे ‘कच्ची’ म्हणत होतो. मीसुद्धा.

व्याकरणाकडे येते. तुमच्या पेपरात ‘डू ॲज डायरेक्टेड’चे १० प्रश्न आहेत. प्रयोग बदला, कथन बदला, गाळलेल्या जागी योग्य शब्द लिहा. मुलं यात हुशार असतात, कारण प्रत्येक प्रश्नाला एक ठरलेली कृती आहे. कर्ता मागे न्या, ‘बाय’ लावा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या. या कृतीतून ‘माय मदर इज लव्हड बाय मी’ असलं वाक्य तयार होतं आणि आपण त्याला पूर्ण गुण देतो. जगात कुठलंही मूल आपल्या आईबद्दल असं बोलत नाही. वाक्य शुद्ध आहे, पण कर्मणी प्रयोग कधी वापरायचा हे त्यातून मुलाला कधीच कळणार नाही.

तेच असं विचारून पाहा. रायबंदरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर लावायची सूचना लिहा: दुरुस्तीसाठी दुपारी २ ते ४ फेरी बंद, दुचाकीवाल्यांनी पुलाच्या रस्त्यानं जावं. इथे फेरी कोणी बंद केली याला महत्त्व नाही, ती बंद आहे याला आहे. ‘विल बी सस्पेंडेड’ हा प्रयोग मुलाला गरज म्हणून सुचतो. ज्याला सुचत नाही त्याला नियम पाठ असूनही कर्मणी आलेला नाही, आणि आपल्याला हवी होती ती माहिती हीच.

दुसरं म्हणजे व्याकरणाचा पेपर काढताना पुस्तकाच्या अनुक्रमणिकेपेक्षा आपल्या मुलांच्या वह्यांकडे जास्त बघा. मराठी-कोंकणी बोलणाऱ्या मुलाच्या चुका ठरावीक जागी होतात आणि त्यांना कारण असतं. आपण ‘दोन वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘सोमवारपासून’ही म्हणतो. एकाच ‘पासून’मध्ये आपलं भागतं. इंग्रजीत एका ठिकाणी ‘फॉर’ लागतं, दुसऱ्या ठिकाणी ‘सिन्स’. म्हणून ‘सिन्स टू इयर्स’. आपण ‘त्याविषयी चर्चा केली’ म्हणतो म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’. आपण ‘तिच्याशी लग्न’ म्हणतो म्हणून ‘मॅरीड विथ’. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे आपलं सरळ, शुद्ध वाक्य आहे. त्यातला ‘मी’ म्हणजे तो, हे आपल्याला विचार न करता कळतं. तेच इंग्रजीत आलं की ‘ही सेड दॅट आय विल कम’ होतं आणि येणारा माणूसच बदलतो. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांसारखं तर आपल्या भाषेत काही नाहीच. ती चूक मराठी मुलाची शेवटपर्यंत साथ करते आणि त्यासाठी त्याला अकरावीत फार गुण कापून घेऊ नयेत असं माझं मत आहे. ‘ही सेड दॅट आय विल कम’मुळे वाचणाऱ्याचा गैरसमज होतो, ‘द’ सुटल्यामुळे बहुधा होत नाही. गैरसमज करणारी चूक आणि फक्त खटकणारी चूक यांना एकाच मापानं मोजू नका.

यासाठी सुटी वाक्यं देण्यापेक्षा सलग मजकूर द्या. मला सगळ्यात उपयोगी पडलेलं साधन म्हणजे क्लोझ चाचणी. विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकानं ती १९५३ मध्ये मांडली, मुळात मजकूर वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे हे मोजण्यासाठी. पुढे भाषाशिक्षकांनी ती उचलली. कृती अगदी सोपी. साधारण २५० शब्दांचा परिच्छेद घ्या. पहिलं आणि शेवटचं वाक्य अखंड ठेवा. मधल्या मजकुरातला दर सातवा शब्द गाळा. मोह आवरा आणि सोयीचा शब्द निवडू नका, सातवा म्हणजे सातवाच. मग आपोआप कुठे उपपद गळतं, कुठे शब्दयोगी, कुठे क्रियापद, आणि कुठे असा शब्द गळतो जो दोन वाक्यं मागे गेल्याशिवाय सापडत नाही. व्याकरण, शब्दसंपदा आणि आकलन तिन्ही एकाच वेळी लागतं, प्रत्यक्ष वाचताना लागतं तसंच. मूळ शब्दच आला पाहिजे असा हट्ट धरू नका. चपखल बसणारा कुठलाही शब्द चालेल, पण असे चालणारे शब्द तपासणीआधी सहकाऱ्याबरोबर बसून लिहून ठेवा. ३० गाळलेल्या जागांचा असा पेपर तपासायला दीड मिनिट लागतं. तुमच्या १०४ मुलांच्या दृष्टीनं हाही फायदाच.

आता लेखन. ‘माय फेव्हरेट फेस्टिव्हल’ हा विषय दिलात की वर्गातली निम्मी मुलं चतुर्थीवर एकच निबंध लिहितील, त्याच तीन विशेषणांसह. तो निबंध शिकवणीच्या वहीतून आलेला असतो. त्यावरून त्या मुलाच्या लेखनाबद्दल काहीही कळत नाही. घरून लिहून आणायला सांगितलेला निबंध तर आता मोजमापासाठी निरुपयोगीच झाला आहे. मोबाइलला विचारलं की अर्ध्या मिनिटात तयार निबंध मिळतो. गुण द्यायचे ते लेखन वर्गात, तुमच्या डोळ्यांसमोरच झालं पाहिजे.

विषय देताना तीन गोष्टी द्या: कोणाला लिहायचं, कशासाठी लिहायचं आणि हाताशी काय माहिती आहे. मी दिलेला एक विषय सांगते. रत्नागिरीहून तुमचा मावसभाऊ कोंकण रेल्वेनं करमळीला उतरणार आहे. तिथून त्याला तुमच्या चोडणच्या घरी एकट्यानं यायचं आहे. रिक्षा, रायबंदर, फेरीबोट, पलीकडचा रस्ता ही माहिती चार मुद्द्यांत दिलेली. त्याला १२० शब्दांत पत्र लिहा. दुसरा भाग असा: त्याच दिवशी चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य बघायला एक परदेशी प्राध्यापक येणार आहेत. त्यांना हाच रस्ता ८० शब्दांत कळवा. पाठ केलेलं पत्र इथे कामाला येत नाही. आणि भावाला लिहिताना व प्राध्यापकांना लिहिताना भाषा बदलते की नाही, हे शेजारी शेजारी दिसतं. मराठीत आपण ‘तू’चं ‘तुम्ही’ केलं की अर्धं काम होतं. इंग्रजीत ‘यू’ एकच आहे, त्यामुळे आदर वाक्याच्या घडणीतून दाखवावा लागतो. ‘टेक द फेरी’ आणि ‘यू मे टेक द फेरी’ यांतला फरक बारावीपर्यंत बऱ्याच मुलांना कोणी सांगितलेलाच नसतो.

नेहमीचं तक्रारीचं पत्रही एका पाचरीनं जिवंत होतं. ‘गावात सकाळची बस सुरू करा’ हे पत्र सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी सांगा, बस सुरू झाली आहे. आभार माना आणि एक राहिलेली अडचण कळवा. पाठांतर तिथेच संपतं आणि लेखन सुरू होतं.

आणि आता ४ आणि ८. तुम्ही लिहिलंय की यामुळे तुम्हाला आपण अजून अननुभवी आहोत असं वाटतं. तसं वाटून घेऊ नका. ही गोष्ट १९१२ पासून नोंदलेली आहे. स्टार्च आणि एलियट या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी इंग्रजीची एक उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. तिला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. एकच कागद, तेच मूल.

मला हे पहिल्यांदा अंगावर आलं ते एका तपासणीच्या वेळी. माझी नोकरीची सहा-सात वर्षं झाली असतील. विषय वडिलांबद्दल होता. एका मुलानं लिहिलं होतं: ‘माय फादर इज गोइंग इन सी सिन्स ही इज फोर्टीन.’ पुढे होतं: ‘वेन मोटर स्टॉप, ही डू नॉट गेट अँग्री. ही गेट क्वाएट. देन वी ऑल गेट क्वाएट.’ मी लाल पेन घेऊन बसले होते. पहिल्या वाक्यात तीन चुका, पुढच्या तीन वाक्यांत चार. मी १० पैकी ३ दिले. शेजारी बसलेल्या वयस्क सरांनी कागद ओढून घेतला, वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, ‘मी याला ८ देईन.’ मी चुका दाखवल्या. ते म्हणाले, ‘त्या दिसल्या. पण भर समुद्रात मोटर बंद पडल्यावर होडीत काय होतं, ते मला दिसलं. आजच्या ४० पेपरांत मला दुसरं काहीच दिसलं नाही.’

आमच्या दोघांपैकी चूक कोणाचं? त्या दिवशी मला ते बरोबर वाटले. आज वाटतं की दोघंही अपुरे होतो. मी फक्त भाषा मोजली, त्यांनी फक्त आशय मोजला आणि दोघांनीही एकच आकडा लिहिला. त्या मुलाला तो आकडा मिळाला असता तरी, आपल्याला काय येतं आणि काय शिकायचं राहिलंय, यातलं काहीच कळलं नसतं.

म्हणून गुण फोडून द्या. हॉली जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये तयार केलेली एक श्रेणी भाषाशिक्षणात खूप वापरली जाते. तिच्यात १०० पैकी आशयाला ३०, मांडणीला २०, शब्दसंपदेला २०, भाषेच्या वापराला २५ आणि शुद्धलेखन-विरामचिन्हांना फक्त ५ गुण आहेत. तो शेवटचा ५ नीट पाहा. आपण तपासताना स्पेलिंग आणि अक्षर मिळून निकालाचा निम्मा भाग खातात, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. आयईएलटीएसच्या लेखनपरीक्षेतही चार निकष आहेत आणि चारींना सारखं वजन आहे. तुमच्यातली काही मुलं पुढे परदेशी शिकायला जाण्यासाठी ती परीक्षा देतीलच. तुम्हाला १० गुणांत बसवायचं तर आशय ३, मांडणी २, शब्द २, वाक्यरचना ३ असं करा. मग त्या मुलाला माझ्या हिशेबानं आज आशयाचे ३, मांडणीचे २, शब्दांचा १ आणि वाक्यरचनेचा १ पडेल. एकूण ७. पण एकूण आकड्यापेक्षा तो शेवटचा १ महत्त्वाचा, कारण उद्या वर्गात काय शिकवायचं ते त्यातून ठरतं.

निकष कागदावर लिहिल्यानं मतभेद संपत नाहीत. त्यासाठी नमुने लागतात. तपासणी सुरू करण्याआधी गठ्ठ्यातून पाच निबंध काढा: एक उत्तम, एक अगदी कच्चा, तीन मधले. तुम्ही आणि शेजारचे सर वेगवेगळं बसून ते तपासा, मग आकडे समोरासमोर ठेवा. जिथे दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक असेल तिथे वाक्यावर बोट ठेवून बोला. हे अर्ध्या तासाचं काम आहे. मग ते पाच कागद टेबलावर समोर ठेवून बाकीचे तपासा. शंका आली की, हा तिसऱ्या नमुन्यापेक्षा बरा की वाईट, एवढंच स्वतःला विचारायचं. मुलाचं नाव दुमडून झाका. एका मुलाचा सगळा पेपर एकदम तपासू नका. सगळ्यांचा एकच प्रश्न तपासा, मग गठ्ठा उलटसुलट करून दुसरा. पहिल्या प्रश्नात चमकलेल्या मुलाला पुढच्या प्रश्नात आपण नकळत झुकतं माप देतो. आणि जेवणानंतरचे पहिले दहा पेपर शेवटी पुन्हा पाहा. माझ्या बाबतीत ते कायम कडक निघत.

पेपर तपासून झाले की एक काम उरतं, जे जवळजवळ कोणीच करत नाही: प्रश्नांची परीक्षा. तुमची मुलं १०४. एकूण गुणांनुसार गठ्ठा लावा, वरचे २८ आणि खालचे २८ काढा. साधारण २७ टक्क्यांचा हा भाग ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवला होता आणि तो अजून वापरला जातो. आता प्रत्येक प्रश्न वरच्यांपैकी किती जणांना आला आणि खालच्यांपैकी किती जणांना, ते मोजा. वरच्या २४ जणांना आणि खालच्या ९ जणांना आला, तर २४ वजा ९ भागिले २८, म्हणजे ०.५४. चांगला प्रश्न, जपून ठेवा. वरच्या १३ जणांना आणि खालच्या १५ जणांना आला, तर त्या प्रश्नातच काहीतरी बिघडलंय. बहुधा दोन पर्याय बरोबर असतात आणि हुशार मुलं जास्त विचार करून दुसरा निवडतात. अशा प्रश्नाचे गुण सगळ्यांना देऊन टाका आणि का दिले ते वर्गात सांगा. हे एका तासात होतं, कॉम्प्युटर लागत नाही. चार-पाच वर्षांत तुमच्याकडे पारखलेल्या प्रश्नांची स्वतःची वही तयार होईल. माझ्याकडे अशा तीन वह्या आहेत, आणि गाईडवाल्यांकडे नाही असं काही माझ्याकडे असेल तर ते त्यांत आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. १०४ निबंध, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे ५२० मिनिटं, पावणेनऊ तास. आठवड्याला हे कोणालाच जमणार नाही आणि जमवूही नका. पूर्ण चार निकषांवर तपासणी सत्रातून दोनदा पुरे. एरवी एका वेळी एकच निकष. या पंधरवड्यात फक्त मांडणी: पहिलं वाक्य विषयाला हात घालतं का, परिच्छेद जिथे तुटायला हवा तिथे तुटलाय का. एका कागदाला २ मिनिटं लागतात, साडेतीन तासांत सगळे होतात, आणि ते दोन तुकड्यांत विभागून एकाआड एक आठवड्याला घेता येतात. बाकीच्या चुकांना हात लावायचा नाही. हे सुरुवातीला फार जड जातं, पेन आपोआप वळतं. पालकसभेत कोणीतरी विचारतंही, ‘टीचर, ही चूक तुम्हाला दिसली नाही का?’ त्यांना आधीच कळवून ठेवा की या वेळी आपण काय तपासतोय. मी वहीच्या पहिल्या पानावरच लिहून घेत असे.

कागद परत देताना चुका दुरुस्त करून देऊ नका. ओळीच्या समासात फक्त खूण करा: काळ चुकला तर ‘का’, शब्दयोगी चुकला तर ‘श’, क्रम चुकला तर ‘क्र’. तासाची शेवटची दहा मिनिटं द्या, मुलानं आपल्या तीन चुका स्वतः शोधून वाक्य पुन्हा लिहायचं. सापडल्या नाहीत तर शेजाऱ्याला विचारायचं, तरी नाही तर तुम्हाला. दुरुस्त वाक्यं वहीच्या मागच्या पानांवर एकाखाली एक जमत जातात. पुढच्या चाचणीतला चुका दुरुस्त करण्याचा उतारा त्याच पानांवरून तयार करा, नावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून. तुमचा पहिला असा उतारा झाला की मला पाठवा, सोबत त्यातल्या प्रत्येक चुकीसमोर ती वर्गात किती जणांनी केली होती तो आकडा लिहा.